हसणारे सरवरक

पुस्तके आणि वाचन यांवर विनोद करणारी चित्रे मराठीत कमी नाहीत. त्यांत वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. व्यवसायाने इंजिनिअर असलेल्या या माणसाने १९६४ साली सुरू झालेल्या ‘ललित’ मासिकाच्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे वर्षानुवर्षे काढली. विषय लेखक, प्रकाशक, समीक्षक आणि वाचक यांच्या संसाराचा. जयवंत दळवींच्या ‘ठणठणपाळ’ला चेहरा दिला तोही त्यांनीच. सरवटे पुस्तकाला हसत नाहीत. पुस्तकाभोवती जमलेल्या मानपानाला हसतात. म्हणून वाचक रागावत नाही, अंक उचलतो.

दुसरे उदाहरण ‘आवाज’चे. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या या दिवाळी अंकातील ‘खिडक्या’ प्रसिद्ध आहेत. कापलेल्या चौकटीतून भलतेच काही दिसते. पान उलटले की चित्र साधेच निघते. त्यातला चावटपणा सर्वांना रुचेल असे नाही, पण धडा वाचनाचाच आहे: पान उलटल्याशिवाय निकाल देऊ नका.

उर्दू माध्यमात शिकलेल्या माणसाची इथे गंमत होते. उर्दूत मुखपृष्ठाला सरवरक म्हणतात, आणि ते मराठी पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या जागी असते. सवयीने हात तिकडे जातो. खिडकीमागचे चित्र आधी दिसते, खिडकी नंतर!

मराठी व्यंगचित्रात मुसलमानही बहुधा असाच खिडकीतून दिसतो. टोपी, दाढी, दंग्याचे चित्र, नाहीतर एकोप्याचे. पान कुणी उलटत नाही. वाचनालयात डुलक्या घेणारा, उसने नेलेले पुस्तक परत न करणारा मुसलमान मी पाहिलेल्या चित्रांत मला भेटला नाही. तक्रार किरकोळ वाटेल. पण ज्याच्या वाचनाची थट्टा होते, त्याला आधी वाचक म्हणून धरलेले असते. आपली तेवढीही थट्टा झाली नाही.

दोष एकट्या चित्रकारांचा नाही. लखनौचे ‘अवध पंच’ १८७७ साली निघाले. उर्दूला विनोद नवा नाही. पण यवतमाळ, पुसद, दिग्रसकडच्या आपल्या कितीतरी घरांत पुस्तक म्हटले की आधी अदब येतो. कुरआन शरीफचा अदब हवाच, त्यात दुमत नाही. पण गोष्टीचे पुस्तकही जुजदानात बांधल्यासारखे उंच फळीवर जाते, आणि मुलांच्या हाती उरते ते गाईड.

आपल्या अंकांवर मिनार, चंद्रकोर, कलम-दवात पुष्कळ झाले. एखाद्या वर्षी तोंडावर पुस्तक ठेवून घोरणारे अब्बा आणि ते हळूच ओढून घेणारी मुलगी येऊ द्या. किंवा एकाच पुस्तकाचे दोन वाचक: एक डावीकडून मराठी वाचत निघालेला, दुसरा उजवीकडून उर्दू, आणि मधल्या पानावर दोघांच्या डोक्यांची टक्कर. हे चित्र काढू शकतील अशी मुले आपल्याच शाळांत वहीच्या शेवटच्या पानावर गिरगटत बसली आहेत. त्यांना मुखपृष्ठ द्यायला हवे.