अकरावीची विषययोजना : मराठीच्या दृष्टीने एक परीक्षण

दहावीचा निकाल लागला, की अकोल्यातील जठारपेठेसारख्या वस्तीतील मराठी कुटुंबापुढे प्रश्न उभा राहतो : अकरावीस कोणते विषय घ्यावयाचे? वरकरणी हा व्यवहाराचा प्रश्न आहे. तथापि त्याच्या उत्तरात भाषेविषयीची एक धारणा अंतर्भूत असते. तिचे परीक्षण येथे योजिले आहे.

विज्ञान शाखेची मांडणी पाहावी. इंग्रजी अनिवार्य, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांच्या जोडीला गणित, जीवशास्त्र किंवा दोन्ही, आणि एक दुसरी भाषा. या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेता येते. द्विलक्ष्यी अभ्यासक्रम निवडल्यास 200 गुणांचा एक व्यावसायिक विषय दुसरी भाषा व आणखी एक विषय अशा दोहोंची जागा घेतो. मराठी वगळण्याच्या या राजमान्य वाटा होत. त्यात वैद्यकाचा प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर ठरतो आणि त्या परीक्षेत मराठी हा विषय नाही. प्रवेशद्वारापासून मागे मोजत आखलेल्या योजनेत मराठी निरुपयोगी ठरावी, यात नवल नाही. पालकांस दोष देणे व्यर्थ आहे. त्यांनी योजनेतील तर्क अचूक ओळखला आहे.

महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा 1975 मध्ये व पहिली बारावीची 1977 मध्ये झाली. ही मधली दोन वर्षे म्हणजे शाळा व महाविद्यालय यांमधील सेतू होय. शाळांतील मराठी सक्तीची करणारा 2020 चा अधिनियम मात्र दहावीपाशी थांबतो. म्हणजे व्याख्या, वर्गीकरण व कार्यकारणभाव यांची प्रगत भाषा विद्यार्थी ज्या टप्प्यावर इंग्रजीतून आत्मसात करू लागतो, नेमक्या त्याच टप्प्यावर मराठीचे शिक्षण ऐच्छिक होते. परिणामी घराची भाषा एक आणि ज्ञानाची दुसरी, अशी फाळणी पक्की होते.

तिचे मोल वऱ्हाडात सहज दिसावे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून (स्थापना 1969) पदवी घेणाऱ्यास उद्या कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे जीवनचक्र शेतकऱ्यास समजावून द्यावयाचे असते. वऱ्हाडी बोली त्याच्या ओठी असेलही. परंतु शास्त्रीय विषयाची क्रमवार मांडणी बोलीबरोबर आपोआप येत नाही. ती शिकावी लागते.

आता पाठ्यपुस्तकाकडे वळू. ‘युवकभारती’च्या अकरावी (2019) व बारावी (2020) या आवृत्त्यांत ‘उपयोजित मराठी’चा विभाग आहे. मुद्रितशोधन, अनुवाद, मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल हे त्यातील घटक स्वागतार्ह आहेत. तरी दोन आक्षेप उरतात. एक, उपयोजनाची कल्पना मुख्यतः माध्यमे व कार्यालये यांभोवती फिरते. विद्यार्थ्याच्या इतर विषयांतील ज्ञान मराठीत मांडण्यास तीत पुरेसा अवकाश नाही. दुसरा, ज्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यास अहवाललेखनाची निकड अधिक, त्यालाच हे पुस्तक टाळण्याची मुभा आहे.

विषयांचे ओझे आधीच जड आहे, हा प्रतिवाद खरा आहे. म्हणूनच नवा विषय सुचविणे योग्य होणार नाही. माहिती तंत्रज्ञान वा द्विलक्ष्यी विषय घेणाऱ्यासही प्रयोगवहीतील निवडक प्रयोगांचे निष्कर्ष मराठीत लिहावयास सांगावेत व त्यास अंतर्गत मूल्यमापनात गुण द्यावेत. भाषा संचालनालयाने सिद्ध केलेले परिभाषाकोश येथे हाताशी आहेतच. प्रवेशाच्या तर्कात मराठीला शिरकाव नसेल, तर निदान प्रयोगशाळेत तो मिळावा. अन्यथा पदवीधर होईतो मराठी ही केवळ जिव्हाळ्याची भाषा उरेल, विचाराची नव्हे.