निरुपद्रवी

माणसाची लायकी काढायला साहेब, सासरे आणि शेजारी एवढे पुरेसे असतात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. 1986 साली त्यात एका यंत्राची भर पडली. पुतण्या आमच्या दिंडोशीच्या घरी 'स्पेक्ट्रम प्लस' नावाचा संगणक घेऊन आला. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने तो त्याच वर्षी भारतात आणला होता. वहीएवढा डबा, टीव्हीला जोडायचा आणि खेळ कॅसेटवरून भरायचा. टेपरेकॉर्डरमधून काही मिनिटं पत्र्यावर खिळे ओढल्यासारखा आवाज आला आणि आमच्या बाहेरच्या खोलीत अंतराळ उघडलं!

खेळाचं नाव 'एलिट'. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी तो 1984 साली 'बीबीसी मायक्रो'साठी लिहिला. स्पेक्ट्रमवर तो 1985 साली आला. आठ दीर्घिका, प्रत्येकीत 256 ग्रह, म्हणजे एकूण 2048. आणि त्या मूळ यंत्राची स्मृती किती? 32 किलोबाइट! आज मोबाइलवर येणाऱ्या लग्नपत्रिकेलाही याहून जास्त लागते. मग ग्रह ठेवले कुठे? कुठेच नाही. ठरावीक आकड्यांवरून ते गणिताने दरवेळी नव्याने तयार होतात, अगदी नावांसकट. पाहुण्यांच्या गाद्यांची अशी सोय झाली असती तर आमचा माळा मोकळा झाला असता.

सुरुवातीला 'लावे' या ग्रहापाशी एक यान आणि 100 क्रेडिट हातात मिळतात. पुढे काय करायचं, ते कुणी सांगत नाही. व्यापार करा, चाचेगिरी करा, नुसते भटका. खेळाला शेवटच नाही. त्याची खरी थोरवी इथे आहे. तो तुम्हाला मोकळं सोडतो आणि तुम्ही कोण आहात ते दाखवतो.

मी कोण निघालो? लावेवर धान्य भरायचं, शेजारच्या लीस्तीला विकायचं, येताना यंत्रसामग्री आणायची. पुन्हा तेच.

"काका," पुतण्या म्हणाला, "तुम्ही अंतराळातसुद्धा मालाड-चर्चगेटच करताय!"

गरगर फिरणाऱ्या स्थानकाच्या फटीत यान घालताना भलेभले आपटतात. मला ते लवकर जमलं. समोरच्याच्या गतीशी आपली गती जुळवायची आणि मग विचार करायचा नाही, हे मालाडच्या फलाटावर रोज सकाळी शिकवलं जातं.

पण माझी एक तक्रार आहे. हा खेळ पदव्या देतो. पहिली 'हार्मलेस', म्हणजे निरुपद्रवी. सर्वांत वरची 'एलिट'. तिच्यासाठी 6400 यानं पाडावी लागतात. धान्य कितीही पोचवा, बढती नाही! मालाच्या यादीत धान्य-कापडाच्या पंगतीलाच गुलाम आणि अमली पदार्थ. ते नेले तर पोलीस मागे लागतात, पण पदवीला धक्का लागत नाही. ज्यांनी अख्खं विश्व खुलं ठेवलं, त्यांना मोठेपणा मोजायला तेवढी बंदूकच सापडावी? आमच्या कचेरीतही मुकाट्याने काम करणाऱ्याला बढती मिळत नसे. पण कचेरीकडून मी विश्वाची अपेक्षाही केली नव्हती.

परवा नातवाने हाच खेळ लॅपटॉपवर लावून दिला. मी सवयीने लावेवर धान्य भरलं. सौ. मागून डोकावली.

"अहो, अजून निरुपद्रवीच?"

आवाजात तक्रार नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारानंतर ही पदवी मला एकदम बरी वाटली. मी धान्य लीस्तीला पोचवलं.

भाव मात्र पडला होता.