शिक्का आणि मोर्तब

मराठेशाहीच्या राजपत्रांत मस्तकी शिक्का असे आणि मजकूर संपला की तळाशी मोर्तब उमटे. हिंदी चित्रपटांतील प्रेमगीतांना पारमार्थिक अर्थ लावण्याचा जो छंद सांप्रत बोकाळला आहे, त्याचा विचार करताना मला या दफ्तरी रिवाजाची वारंवार आठवण होते. ‘रब ने बना दी जोडी’ (२००८) किंवा ‘माय नेम इज खान’ (२०१०) या चित्रपटांतील लोकप्रिय गीतांत ‘रब’ अथवा ‘सजदा’ हा शब्द ध्रुवपदातच ठाण मांडून बसतो, देव प्रारंभीच हजर होतो आणि श्रोत्याला धुंडाळावयास काही शिल्लकच राहत नाही. शिक्का मस्तकी पडला. मग खालच्या मजकुराची झडती कोण घेतो?

याउलट ‘बरसात की रात’मधील (१९६०) ती प्रदीर्घ कव्वाली ऐकावी. तिचा कवी साहिर लुधियानवी नास्तिक, आणि चित्रपटातील प्रसंग कव्वालांच्या मुकाबल्याचा. म्हणजे प्रतिपक्षाला निरुत्तर करावे, याहून उदात्त असा हेतू तेथे मुळातच नाही. आरंभी काफिल्याचा शोध नाकारला जातो, सोबत्याचाही नाकारला जातो. मग रोशन यांच्या चालीवर मन्ना डे, आशा भोसले, सुधा मल्होत्रा, बातिश आणि रफी यांचे स्वर एकमेकांना डिवचीत, प्रसंगी उचलून धरीत चढत जातात, इश्काची व्याख्या हाती येते न येते तोच निसटते, आणि राधा, मीरा, बुद्ध, ख्रिस्त, कुराण यांचे उल्लेख येतात ते पार उत्तरार्धात, श्रोता स्वतःच्या पायांनी तेथवर येऊन ठेपल्यानंतर. हे मोर्तब होय. ‘दिल से’साठी (१९९८) गुलजारांनी बुल्लेशाहाच्या काफीतील नृत्याचे बोल बदलून तेथे सावली आणली, तेव्हा सूफी वारशाची ती सनद निदान चतुराईने तरी वापरली गेली, पुढे तिच्या नकलाच फार निघाल्या.

मराठी कानाला यात नवलाई वाटू नये. भ्रमराला उद्देशून असलेली ज्ञानेश्वरांची रचना, जिला हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिली, ती चरणकमळाची एक सूचना वगळता सुगंध, परिमळ आणि भोग यांचीच भाषा बोलत राहते; रखुमादेवीवराचे नाव येते ते अगदी अखेरीस.

तथापि नावाचे स्थान हाच सगळा मुद्दा, असे म्हणावे तर त्याच ज्ञानेश्वरांची दुसरी विराणी माझ्या म्हणण्याला छेद देते. शकुन सांगणाऱ्या कावळ्याचे पाय सोन्याने मढविण्याचे आमिष दाखविणारी ती स्त्री पंढरीरायाचे नाव प्रारंभीच घेऊन मोकळी होते, आणि तरीही गीत कोठे उणे पडत नाही. कारण नाव उच्चारले गेले तरी पाहुणा अद्याप आलेला नसतो, दाराशी फक्त कावळा असतो.