उन्हाळी वर्गाचे पुस्तक: काय मिळते, काय राहून जाते

उदाहरणे दाखवून संगणकाला नियम शोधायला लावणे, म्हणजे मशीन लर्निंग. या विषयाचे उन्हाळी वर्ग २००२ पासून निरनिराळ्या देशांत भरत आले. २००३ मध्ये फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे आणि ऑगस्टमध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथे ते भरले. दोन्हीकडे तेव्हा उन्हाळाच! या वर्गांतील व्याख्याने 'अ‍ॅडव्हान्स्ड लेक्चर्स ऑन मशीन लर्निंग' या नावाने स्प्रिंगरने २००४ साली प्रसिद्ध केली. बुस्के, फॉन लुक्सबुर्ग व रेच हे संपादक. वर्गाला न गेलेल्या शिक्षकाला यातून काय मिळेल, या दृष्टीने आम्ही हे पुस्तक वाचले.

सर्वांत उपयुक्त वाटले ते मायकेल टिपिंग यांचे प्रकरण. ते साइन वक्रावरचे १५ बिंदू घेतात व प्रत्येकात थोडी यादृच्छिक चूक मिसळतात. मग १५ लहान 'टेकड्यां'ची उंची कमीजास्त करून त्यांच्या बेरजेतून वक्र काढतात. जितके बिंदू तितक्याच टेकड्या. म्हणून वक्र प्रत्येक बिंदूतून अचूक जातो, पण मधल्या जागेत भलतीकडे वळतो. बिंदूंतली चूकसुद्धा त्याने नियम समजून शिकलेली असते. उत्तरे घोकलेला विद्यार्थी गणितातले आकडे बदलताच अडतो, तशातलाच हा प्रकार. वक्राला आवर घालायचा तो किती, हे संभाव्यतेच्या नियमांनी कसे ठरवावे, हा प्रकरणाचा गाभा आहे. निदान पहिला भाग तरी आलेखाच्या कागदावर वर्गात दाखवता येईल.

लेओं बोतू यांचे प्रकरणही वाचण्याजोगे आहे. सगळी उदाहरणे पाहून मग दुरुस्ती करण्याऐवजी एकेक उदाहरण पाहून थोडी थोडी दुरुस्ती करत जायची, ही त्यातली कल्पना. आजची मोठी चेताजाळी शिकवण्यामागे हेच तत्त्व आहे. पुस्तक जुने झाले तरी हा भाग जुना झालेला नाही.

मात्र 'अगदी नवख्यांसाठी' असे नाव असलेले माँटे कार्लो पद्धतींवरचे प्रकरण फसवे आहे. चौरसात यादृच्छिक ठिपके टाकून पायची किंमत काढणे नवख्याला जमेल, पुढचे नाही. उन्हाळी वर्गांची ही नेहमीची अडचण आहे. विद्यार्थी म्हणजे बहुधा संशोधक, वेळ जेमतेम दोन आठवडे. तिथे शेजाऱ्याला विचारून, चहाच्या सुट्टीत व्याख्यात्याला गाठून खाचखळगे भरून निघतात. छापील पानाला ही सोय नाही.

आमचा मुख्य आक्षेप वेगळा आहे. पाहिलेल्या उदाहरणांवरची चूक आणि न पाहिलेल्यांवरची चूक यांत किती अंतर पडेल, याचे सुंदर गणित पुस्तकात आहे. पण ते एका गृहीतावर उभे आहे: दोन्ही प्रकारची उदाहरणे एकाच उगमातून आलेली असावीत. तसे नसेल तर? इंग्रजी अंक ओळखायला शिकलेल्या यंत्रापुढे आपला '१' ठेवा. दहांपैकी एक उत्तर देणे त्याला भागच आहे. आकार सारखा असल्याने ते 'नऊ' म्हणण्याचा मोठा संभव. गणितात चूक नाही, उगम बदलला आहे. उदाहरणे कोणी, कोठून, कशी जमवावीत, यावर नऊ प्रकरणांपैकी एकही स्वतंत्र प्रकरण नाही. वापरणाऱ्याला सर्वांत आधी भेडसावणारा प्रश्न तोच असतो. शहरातल्या मुलांचे हस्ताक्षर पाहून शिकलेले यंत्र पाड्यावरच्या शाळेतल्या उत्तरपत्रिका तपासू लागले, तर नुकसान कोणाचे होईल?

पदवीचे गणित झालेल्यांनी हे पुस्तक जरूर वाचावे. इतरांनी टिपिंग व बोतू यांची सुरुवातीची पाने चाळावीत. आणि कोणत्याही यंत्राच्या यशाची टक्केवारी कानावर आली, की विद्यार्थ्यांना एवढे विचारायला लावावे: ही परीक्षा घेतली कोणाच्या उदाहरणांवर?