दृश्य प्रोग्रॅमिंगची पहिली पायरी आणि दिव्यांग विद्यार्थी : एक चिकित्सक विचार

प्रास्ताविक

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण स्थानकावर येणाऱ्या गाडीची माहिती प्रवाशाला दोन मार्गांनी मिळते. फलाटावरील इंडिकेटर ती दाखवतो आणि ध्वनिक्षेपक तीच ऐकवतो. कर्णबधिर प्रवासी पहिल्यावर विसंबतो, अंध प्रवासी दुसऱ्यावर. माहिती एकच असते, मार्ग मात्र दोन असतात. शालेय संगणक शिक्षणात रूढ झालेल्या दृश्य प्रोग्रॅमिंगला हीच कसोटी लावली असता काय आढळते, हे पाहणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

दृश्य प्रोग्रॅमिंगचे सामर्थ्य

अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये ‘स्क्रॅच’ ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली. यात आज्ञा टंकित कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे माउसने ओढून एकमेकांत बसवले की प्रोग्रॅम तयार होतो. न जुळणारे ठोकळे एकमेकांत बसतच नाहीत. त्यामुळे स्वल्पविराम विसरला म्हणून प्रोग्रॅम अडला, असा प्रसंग येत नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याची स्पेलिंगच्या जाचातून बऱ्याच अंशी सुटका होते. कर्णबधिर विद्यार्थ्याला आपल्या आज्ञेचा परिणाम पडद्यावर लगेच दिसतो. हे गुण नाकारता येत नाहीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचा समावेश सुचवल्यामुळे या साधनांचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

मर्यादांचे स्वरूप

मात्र ज्या गुणामुळे हे साधन सोपे ठरते, तोच गुण काही विद्यार्थ्यांच्या वाटेतला अडसर होतो. ठोकळ्याचा अर्थ त्याचा आकार, रंग आणि जागा यांतून व्यक्त होतो. कोणता ठोकळा कोणाच्या पोटात आहे, हे डोळ्यांना क्षणात कळते. पडदावाचकाला ते सांगता यावे अशी रचना मुळात केलेली नसते. एनव्हीडीए या निःशुल्क पडदावाचकाच्या साहाय्याने अंध विद्यार्थी ‘सी’ भाषेतील प्रोग्रॅम ओळीओळीने ऐकू शकतो आणि दुरुस्तही करू शकतो. म्हणजे जी भाषा नवशिक्यांसाठी अवघड मानली जाते ती त्याच्या आवाक्यात असते आणि सोपी म्हणून पुढे केलेली मात्र आवाक्याबाहेर राहते. हा विरोधाभास पुरेसा बोलका आहे.

मेंदूचा पक्षाघात असलेल्या विद्यार्थ्याची अडचण वेगळी असते. त्याला तर्क समजतो, परंतु माउसचे बटण दाबून धरून ठोकळा नेमक्या जागी नेणे त्याच्या हाताला जमत नाही. अशा वेळी परीक्षा तर्काची होते की बोटांची, हा प्रश्न शिक्षकाने स्वतःला विचारावयास हवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या २.२ या आवृत्तीत, ओढण्याच्या क्रियेला साधा पर्याय असावा, असा निकष समाविष्ट झाला आहे.

उपायांची चिकित्सा

या दिशेने प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. ‘कोड जंपर’ या संचात ठोकळे प्रत्यक्ष हाताळता येतात आणि परिणाम ध्वनीतून कळतो. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधनातून आकाराला आलेल्या ‘ब्लॉक्सफॉरऑल’मध्ये आधी ठोकळा निवडावा व नंतर जागा निवडावी अशी सोय आहे. यांतील दुसरा विचार अधिक मोलाचा वाटतो. स्वतंत्र संच दिला की अंध विद्यार्थी शिकतो खरा, पण वर्गातील इतरांपासून वेगळ्या बाकावर बसून. मूळ साधनातच दुसरा मार्ग उपलब्ध झाला, तर सर्वांना एकाच प्रोग्रॅमवर एकत्र काम करता येते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले असून शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान ५ टक्के जागा राखीव ठेवण्याची तरतूद आहे. परंतु सहावीच्या संगणक तासाला जो विद्यार्थी ‘तू नुसता बस’ असे ऐकून मागे राहिला, तो संगणकशास्त्राच्या प्रथम वर्षाला प्रवेश मागण्यास येणारच नाही. राखीव जागा रिकामी राहण्याची कारणे प्रवेश-खिडकीच्या बरीच अलीकडे शोधावी लागतात.

निष्कर्ष

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात संगणकशास्त्र शिकवणारी अनेक महाविद्यालये आहेत. तेथील अंतिम वर्षाच्या प्रकल्पांना हा विषय सहज देता येईल. माउस बाजूला ठेवून व पडदा बंद करून एखादा स्वाध्याय पूर्ण होतो का, हे तपासण्यास खर्च येत नाही. प्रत्येक ठोकळा-रचनेसोबत तिचे मराठीतील लिखित रूप देता येईल. मात्र अशा साधनांचे परीक्षक म्हणून दिव्यांग विद्यार्थीच हवेत. त्यांना केवळ लाभार्थी मानून केलेली रचना पुन्हा डोळस रचनाकाराच्या सोयीचीच होण्याचा संभव आहे. फलाटावर जे तत्त्व रोज पाळले जाते, ते वर्गात पाळणे अशक्य मानण्याचे कारण नाही.