सरासरीचा न्याय

कसोटी क्रिकेटमधील थोर फलंदाजांची तुलना निघाली म्हणजे रसिकांत दोन पंथ होतात. एक पंथ आंकड्यांचें कोष्टक उघडतो, आणि ज्याची सरासरी मोठी तो फलंदाज मोठा, असा निकाल देऊन मोकळा होतो. दुसऱ्या पंथास आंकड्यांचा तिटकारा असतो. ज्याचा खेळ पाहून आपलें चित्त हरखलें तोच श्रेष्ठ, असें त्याचें म्हणणें असतें. या दोन्ही पंथांचा वाद आजवर मिटलेला नाहीं, व तो मिटणारही नाहीं. कारण कोष्टक कोणत्या प्रश्नाचें उत्तर देतें आणि कोणत्या प्रश्नाचें देत नाहीं, हें पाहण्याची तसदी दोघेही घेत नाहींत. प्रस्तुत लेखांत तेवढेंच पाहण्याचा विचार आहे.

फलंदाजानें केलेल्या एकंदर धांवांना तो जितक्या वेळां बाद झाला त्या संख्येनें भागलें म्हणजे त्याची सरासरी निघते. हा हिशेब प्रामाणिक आहे, यांत शंका नाहीं. परंतु धांवा कोणत्या गोलंदाजापुढें झाल्या, खेळपट्टी कोरडी होती कीं पावसानें भिजलेली, आणि मुळांत खेळावयाची संधि किती वेळां मिळाली, याची नोंद त्या एका संख्येंत उमटत नाहीं. संख्या खोटें बोलत नाहीं; पण तिला जें विचारलेलें नाहीं त्याचें उत्तर तिच्या तोंडीं घालणें हा आपला दोष होय.

डॉन ब्रॅडमनपासूनच आरंभ करणें बरें. ५२ सामने, ८० डाव, ६९९६ धांवा, आणि सरासरी ९९.९४. दिनांक १४ ऑगस्ट १९४८ रोजीं ओव्हलच्या मैदानावर तो शेवटच्या डावासाठीं उतरला, तेव्हां चार धांवा झाल्या असत्या तर सरासरी पूर्ण शंभर झाली असती. हॉलीजच्या दुसऱ्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला. त्या चार धांवांसाठीं लोक अद्याप हळहळतात. परंतु या फलंदाजाचें मोठेपण त्या चार धांवांत नव्हतें. तें होतें त्याच्या आणि इतरांच्या अंतरांत. आक्षेपक म्हणेल कीं, तो काळ फलंदाजांना अनुकूल होता, खेळपट्ट्या मऊ आणि गोलंदाज दुबळे होते. तसें असतें तर त्याच काळांत खेळलेल्या हॅमंड, सट्क्लिफ व हेडले यांनाही त्याचा लाभ मिळाला असता. त्यांच्या सरासरी अनुक्रमें ५८.४५, ६०.७३ व ६०.८३ आहेत. एकाच ऋतूंत एका शेतांत साठ मण पिकलें व शेजारच्या शेतांत शंभर मण, तर त्याचें श्रेय केवळ पावसाला देतां येत नाहीं.

याहून कठोर परीक्षाही झालेली आहे. १९३२-३३ सालीं जार्डिनच्या इंग्लिश संघानें लारवूडच्या हातीं चेंडू देऊन फलंदाजाच्या अंगावर मारा करण्याची ‘बॉडीलाइन’ योजना आंखली, ती मुख्यतः ब्रॅडमनला जखडण्यासाठीं. त्या मालिकेंत तो चार सामने खेळला आणि त्याची सरासरी ५६.५७ वर आली. हें त्याचें अपयश! आणि जॅक हॉब्जसारख्या महान फलंदाजाची उभ्या कारकीर्दीची सरासरी ५६.९४ आहे. येथें कोष्टकाचा निकाल मान्य केल्यावांचून गत्यंतर नाहीं.

परंतु तेंच कोष्टक सट्क्लिफला हॉब्जच्या वर बसवितें, तेव्हां काय करावें? दोघांमधील अंतर पावणेचार धांवांचें आहे. हॉब्ज १९०८ पासून १९३० पर्यंत खेळला. पहिलें महायुद्ध सुरू झालें तेव्हां तो एकतीस वर्षांचा, म्हणजे ऐन भरांत होता. सट्क्लिफनें पहिला कसोटी सामना खेळला तो १९२४ सालीं. १९२६ मध्यें ओव्हलवर पावसानें बिघडलेल्या खेळपट्टीवर दोघांनीं पहिल्या जोडीस १७२ धांवा केल्या; हॉब्जच्या शंभर व सट्क्लिफच्या १६१ झाल्या. यावरून सट्क्लिफला कमी लेखणें जितकें अन्यायाचें, तितकेंच पावणेचार धांवांच्या बळावर त्याला हॉब्जहून श्रेष्ठ ठरविणेंही अन्यायाचें. मोठें अंतर बोलतें. लहान अंतर मुकें असतें. मुक्याकडून साक्ष वदवूं नये.

आतां संधीचा प्रश्न. वेस्ट इंडीजचा जॉर्ज हेडले १९३० ते १९५४ या चोवीस वर्षांत अवघे २२ कसोटी सामने खेळला. दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या १९ सामन्यांत त्याची सरासरी ६६.७२ होती, १९३९ सालीं लॉर्ड्सवर त्यानें दोन्ही डावांत शतकें काढलीं, आणि तरीही त्याचा संघ हरला. युद्धानंतरच्या तीन सामन्यांत त्याला ५५ धांवाच करतां आल्या. एकूण धांवांच्या यादींत त्याचें नांव फार खालीं सांपडेल. त्या यादीवरून थोरवी ठरवूं पाहणाऱ्यानें हें एक नांव ध्यानांत ठेवावें.

आपल्याकडे विजय मर्चंट यांची कथा याहून करुण आहे. १९३३ ते १९५१ या अठरा वर्षांत त्यांच्या वांट्यास दहा कसोटी सामने आले. १९३६ ते १९४६ या काळांत तर हिंदुस्थानचा एकही कसोटी सामना झाला नाहीं. कसोटींतील सरासरी ४७.७२. पण प्रथम श्रेणीच्या सामन्यांत दहा हजारांवर धांवा करणाऱ्यांत ब्रॅडमनच्या ९५.१४ च्या खालोखाल मर्चंट यांची ७१.६४ आहे. शेवटच्या कसोटी डावांत, वयाच्या चाळिशींत, दिल्लीस त्यांनीं १५४ धांवा काढल्या. सांगलीचे विजय हजारे यांची सरासरीही ४७.६५ च. १९४८ च्या जानेवारींत ॲडलेडला लिंडवॉल व मिलर यांच्या माऱ्यापुढें त्यांनीं दोन्ही डावांत शतकें केलीं, ११६ व १४५. सामना डावानें गेला. तीं शतकें पराभवाच्या छायेंत झालीं, हें सरासरी सांगत नाहीं.

उलट सचिन तेंडुलकर यांना २०० सामने मिळाले. त्यांच्या १५९२१ धांवा व ५१ शतकें पाहून ब्रॅडमनचीं २९ शतकें कोणास थोडीं वाटतील. पण एकाचीं ३२९ डावांतलीं, दुसऱ्याचीं ८० डावांतलीं. मात्र एवढ्यावरून सचिन यांची बेरीज हा केवळ संधीचा प्रसाद होय, असेंही म्हणतां येणार नाहीं. चोवीस वर्षें ५३.७८ ची सरासरी टिकविणें हा एक स्वतंत्र गुण आहे, आणि तो एकूण धांवांच्या कोष्टकांतच दिसतो, सरासरीच्या नाहीं.

तात्पर्य, एकच कोष्टक सर्वांना पुरत नाहीं. ब्रॅडमन पहिला, हें आंकडे निःशंकपणें सांगतात. दुसरा कोण, याविषयीं ते गप्प आहेत. आणि मर्चंट यांना आणखी चाळीस सामने मिळते तर काय झालें असतें, हें ते कधींच सांगणार नाहींत. त्या रिकाम्या जागेस शून्य समजूं नये, एवढेंच वाचकांस सांगणें आहे.