मालिक सिदिबे यांची रात्रीच्या नाचांची छायाचित्रे : अर्थाच्या एककाचा प्रश्न

मालीची राजधानी बामाको येथील छायाचित्रकार मालिक सिदिबे (मृत्यू २०१६) यांच्या कार्याची चर्चा बहुधा दोन अंगांनी होते. १९६० साली फ्रेंच सत्तेतून मुक्त झालेल्या देशातील तरुणांच्या उल्हासाचा पुरावा म्हणून ही चित्रे पाहावीत, असे एक मत; रचना आणि क्षणाची निवड यांसाठी ती स्वतंत्र कलाकृती मानावीत, असे दुसरे. दोन्ही मतांत तथ्य आहे. तथापि सुटे चित्र हेच अर्थाचे पूर्ण एकक होय, हे गृहीत दोन्हींना समान आहे. ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

ही चित्रे कशी सिद्ध होत, हे प्रथम ध्यानात घ्यावे. बागादाजी वस्तीत सिदिबे यांचा स्टुडिओ होता. तरुणांची मंडळे शनिवारी रात्री नाचाचे कार्यक्रम योजीत आणि त्यांना बोलावीत. हलका कॅमेरा व फ्लॅश घेऊन ते सायकलीवरून जात व एका रात्री अनेक ठिकाणी हजेरी लावीत. परतल्यावर फिल्म धुऊन लहान प्रती काढीत, त्यांवर क्रमांक घालीत आणि त्या पुठ्ठ्याच्या रंगीत पानांवर ओळीने चिकटवीत. पानावर मंडळाचे नाव व तारीख असे. पुढे ही पाने स्टुडिओत मांडली की नाचणारे येऊन स्वतःस शोधीत आणि हवी ती प्रत मागवीत.

म्हणजे चित्राचा पहिला वाचक चित्रातीलच मनुष्य होता. ‘हा मी’, ‘ही ती’, ‘त्या रात्रीचे’ ही दर्शक पदे त्या पानापुढे सार्थ होत. अशा पदांचा अर्थ बोलणाऱ्यावाचून आणि प्रसंगावाचून निश्चित होत नाही, ही भाषाशास्त्रातील प्राथमिक गोष्ट येथे चित्रांनाही लागू पडते.

मराठीत ‘फोटो काढणे’ आणि ‘फोटो काढून घेणे’ असा भेद आहे. पहिल्यात कर्ता कॅमेऱ्यामागे असतो, दुसऱ्यात कॅमेऱ्यापुढे. सिदिबे यांच्या स्टुडिओतील व्यक्तिचित्रांना समीक्षक दुसरा प्रकार सहज लावतात, नाचाच्या चित्रांना मात्र पहिला. १९६३ मधील ‘नाताळची रात्र (हॅपी-क्लब)’ हे प्रसिद्ध चित्र घ्यावे. सुटातील तरुण आणि अनवाणी तरुणी यांची मस्तके जवळजवळ भिडली आहेत. दोघांचीही नजर खाली पावलांकडे आहे. छायाचित्रकाराकडे कोणाचेच लक्ष नाही, म्हणून क्षण ‘टिपला’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु छायाचित्रकार येथे आमंत्रित होता, त्याचा फ्लॅश लपणारा नव्हता, आणि पुढे पाने मांडली जाणार हा तर परिपाठच होता. अशा स्थितीत नाचात गढून जाणे हाही फोटो काढून घेण्याचाच एक प्रकार ठरतो. मोदिबो केईता यांच्या समाजवादी शासनास पाश्चात्त्य धर्तीची ही नाचगाणी रुचत नव्हती, हे लक्षात घेता अशा प्रतीची मागणी करणे म्हणजे आपल्या वर्तनाला स्वतःची साक्ष देणेच होते.

२००७ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात सिदिबे यांना जीवनकार्याबद्दल सुवर्णसिंह मिळाला. हा गौरव यथोचितच होय. मात्र प्रदर्शनांतील भिंतीवर मोठ्या आकारात एकटे टांगलेले चित्र आपले शेजार गमावते. ओळीतील आधीचे व नंतरचे चित्र दिसेनासे होते, आणि ‘हा मी’ म्हणणाऱ्याच्या जागी ‘आफ्रिकी तरुण’ असे सामान्यनाम येते. उपरोक्त चित्राच्या शीर्षकातील कंसात उरलेले मंडळाचे नाव ही त्या हरवलेल्या पानाची खूण मानावी लागेल.

सुट्या चित्रातही रचनेचे गुण टिकून राहतात, असा आक्षेप येईल. तो मान्यच आहे. परंतु गुण टिकणे आणि अर्थ टिकणे या दोन भिन्न गोष्टी होत. सुट्या वाक्याचे व्याकरण लावता येते, पण ते कोणी कोणास म्हटले हे संवादावाचून कळत नाही. यास्तव या चित्रांच्या अभ्यासाचे मूळ साधन पुठ्ठ्याची ती क्रमांकित पाने हे असावे. मोठ्या प्रतींचा विचार त्यांच्या आधाराने व्हावा. तसे झाल्यास या चित्रांचे श्रेय सिदिबे यांच्याबरोबरच त्यांतील माणसांनाही द्यावे लागेल.